झाकलेलं दुखणं आणि जवळ आलेला हात



निर्णा आणि आसपासच्या गावांतल्या आपल्या मंडळ्या लहान. घरात मराठी, बाजारात कन्नड, दवाखान्यात हिंदी, अशी आपली गत. कोणाच्या घरी काय चाललंय हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. तरीही आमच्यातल्या एका तरुण बहिणीनं छातीतली गाठ कित्येक महिने कोणाला सांगितली नाही. लेकरू अंगावर पीत होतं, त्यामुळे दुधाची गाठ असेल असं तिला वाटलं. शिवाय दाखवायचं कसं आणि कोणाला, ही लाज होतीच. तपासणी झाली तेव्हा कॅन्सर हाडांपर्यंत पोचला होता. डॉक्टरांनी चौथी स्टेज सांगितली.

आम्ही घरी गेलो, प्रार्थना केली, पुष्कळ बोललो. एकानं म्हटलं, "विश्वास धर, सगळं बरं होईल." दुसऱ्यानं हळूच विचारलं, "काही पाप राहून गेलंय का?" ती शांतपणे ऐकत राहिली. आम्ही निघताना तिनं एवढंच विचारलं, "तुम्ही देवाजवळ माझ्यासाठी नेमकं काय मागताय?"

आम्हाला उत्तर देता आलं नाही. म्हणून या दुखण्यात आपल्या आधीच्या लोकांनी काय केलं, ते आम्ही शोधू लागलो.

चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानात, माक्रिना नावाची भक्त स्त्री होती. नुस्साचा ग्रेगरी हा तिचा धाकटा भाऊ. ती ३७९ साली वारली, तेव्हा ग्रेगरीनं तिचं चरित्र लिहिलं. तिचा देह दफनासाठी तयार करत असताना तिच्या एका मैत्रिणीनं दिव्याच्या उजेडात त्याला छातीवरची बारीकशी खूण दाखवली. तिथं पूर्वी भयंकर गाठ झाली होती. आई वैद्याला दाखव म्हणून विनवत होती, पण परक्यापुढे अंग उघडं करणं माक्रिनाला रोगापेक्षाही कठीण वाटलं. ती रात्रभर प्रार्थनेत रडली. मग आईला म्हणाली की, तुझ्याच हातानं त्या जागी क्रुसाची खूण कर. आईनं हात आत घालून खूण केली आणि गाठ गेली, असं ग्रेगरी लिहितो.

ही गोष्ट ऐकून कोणी म्हणेल, मग दवाखान्याची गरज काय? त्यांनी त्याच घराकडे पुन्हा बघावं. माक्रिनाचा दुसरा भाऊ बासिल यानं कैसरियाजवळ आजाऱ्यांसाठी आणि गरिबांसाठी मोठं सेवागृह उभारलं. तिथं वैद्य होते, शुश्रूषा करणारे होते आणि कुष्ठरोग्यांनाही जागा होती. एकाच घरात प्रार्थनाही होती आणि दवाखानाही. त्यांना त्यात विरोध दिसला नाही, मग आपण का पाहावा?

आम्हाला या गोष्टीत दोन गोष्टी सापडल्या. सोळाशे वर्षांपूर्वीही बाईला तिच्या लाजेनं अडवलं होतं. आणि त्या लाजेच्या पलीकडे पहिला हात पोचला तो आईचा.

आता आपल्या भागाकडे येऊ. मुंबईचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं. बीदर आणि कलबुर्गी अजून हैदराबाद राज्यात होते, तेव्हा १९५५ साली हैदराबादेत कॅन्सरचं सरकारी रुग्णालय उभं राहिलं. आज ते एमएनजे नावानं ओळखलं जातं. पण रुग्णालय उभं राहिलं म्हणून बाई आपोआप तिथं पोचत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत हे ओळखलं गेलं. तिथल्या नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालयाजवळ १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. तिचे कार्यकर्ते बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांत फिरले. लोकांशी बसून बोलले, लक्षणं सांगितली, संशय आला की दवाखान्यात यायला लावलं. काही वर्षांतच फरक दिसला. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर असलेल्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्या. कोणीतरी दारात येऊन नीट बोललं, एवढ्यानंच हे घडलं.

मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलनं १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या स्त्रियांची छाती शिकवून तयार केलेल्या महिला कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी हातानं तपासत. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत मात्र असा फायदा दिसला नाही. म्हणून तरुण बहिणींनो, "माझं वय नाही" म्हणून थांबू नका. आपल्या देशात हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो. नवी गाठ, कातडीला खळी, आत ओढलेलं बोंड, त्यातून रक्त, असं काही दिसलं तर त्याच आठवड्यात दाखवा. अंगावर पाजत असाल तरी दाखवा.

पण जिचा आजार उशिरा कळला, तिचं काय? तिच्यासाठीही कोणी तरी वाट काढली आहे. टाटा मेमोरियलचे शल्यचिकित्सक डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ साली मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन उघडलं. आजार बरा होण्यापलीकडे गेलेल्यांसाठीचं हे देशातलं पहिलं शुश्रूषागृह. तिथं धर्मभगिनी सेवा करतात. वेदना उतरवणं, जखम धुणं, जवळ बसणं हे तिथलं काम. त्याच्या आदल्याच वर्षी, १९८५ ला, अमली पदार्थांचा कडक कायदा आला आणि मॉर्फिन मिळणं अवघड होऊन बसलं. हजारो रुग्ण विनाकारण तळमळले. २०१४ साली तो कायदा सुधारला, कारण त्यांच्यासाठी बोलणारे थकले नाहीत. वेदनेवर औषध मागणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे. तो आजाऱ्याचा हक्क आहे.

चौथी स्टेज म्हणजे उद्याच शेवट, असंही नाही. गोळ्या, केमो, किरणं यांनी आजार दाबून ठेवता येतो आणि काही बहिणी वर्षानुवर्षं संसार करतात. किती काळ, हे सांगणं आपलं काम नाही.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण पक्षघाती माणसाला बाजेवर उचलून आणतात आणि छप्पर उकलून प्रभूपुढे सोडतात. प्रभू त्या आणणाऱ्यांचा विश्वास पाहतो. पाचव्या अध्यायात बारा वर्षं रक्तस्राव झालेली बाई लपून मागून येते. प्रभू तिला लपलेलं राहू देत नाही. सगळ्यांदेखत मुलगी म्हणून हाक मारतो.

हे वाचून आम्ही त्या बहिणीकडे परत गेलो. आधी क्षमा मागितली, त्या पापाच्या प्रश्नाबद्दल. मग कामं वाटून घेतली. हैदराबादच्या बसमध्ये तिच्याबरोबर दर वेळी एक जण जाणार. केमोच्या आठवड्यात दोन घरांतून डबा येणार. मुलांचा अभ्यास एक शिक्षिकाबाई घेणार. तिच्या नवऱ्याजवळ पुरुषांपैकी कोणी तरी बसणार, कारण तोही रात्री जागाच असतो. महिला समाजाच्या सभेत वर्षातून दोनदा नर्सबाईंना बोलावून छातीच्या गाठीबद्दल उघड बोलणार.

आणि तिच्या प्रश्नाचं उत्तरही दिलं. "बरं होणं मागतो, ते सोडणार नाही. त्याबरोबर रोजची झोप मागतो, वेदना कमी व्हावी म्हणून मागतो, पोरांसाठी मागतो. आणि तुला कधी एकटं वाटू नये, हे देवाजवळही मागतो आणि स्वतःजवळही."

ती हसली. म्हणाली, "मग आजची झोप आधी मागा."

हे प्रभू, जिनं आपलं दुखणं झाकून ठेवलं आहे तिला बोलायचं धैर्य दे आणि ऐकायला आम्हाला कान दे. आमचे हात वेळेवर पोचू दे. उशीर झाला असेल तिथंही आम्हाला माघारी फिरू देऊ नको. आमेन.