समग्र मानसोपचार : मज्जावैविध्य आणि संवेदनशील प्रौढ

व्यक्तीची लक्षणे सुटी सुटी न पाहता तिचे शरीर, संवेदना, भावना, विचार, पूर्वायुष्य व परिसर यांचा एकत्रित विचार करून जो मानसोपचार केला जातो, त्यास समग्र मानसोपचार म्हणतात. ही संज्ञा एखाद्या ठराविक उपचारपद्धतीची निदर्शक नसून अनेक पद्धतींच्या मुळाशी असलेल्या समान दृष्टिकोनाची निदर्शक आहे. ज्यांच्या मेंदूची घडण वा कार्यपद्धती बहुसंख्यांहून वेगळी असते अशा प्रौढांच्या संदर्भात या दृष्टिकोनास विसाव्या शतकाच्या अखेरीपासून विशेष महत्त्व प्राप्त झाले. स्वमग्नता, अवधान-न्यूनता व अतिचंचलता (एडीएचडी), वाचनाक्षमता (डिस्लेक्सिया) इ. अवस्थांचा समावेश ‘मज्जावैविध्य’ (न्यूरोडायव्हर्सिटी) या संकल्पनेत करण्यात येतो. अतिसंवेदनशील व सर्जनशील व्यक्तींचा विचारही पुष्कळदा याच संदर्भात केला जातो. तथापि हे तीन वर्ग एकरूप नाहीत. सर्वच स्वमग्न व्यक्ती कलावंत नसतात आणि सर्वच संवेदनशील व्यक्ती स्वमग्न नसतात. या तिन्ही वर्गांचा इतिहास मात्र एका समान प्रश्नाभोवती फिरतो : वेगळेपण हा काढून टाकावयाचा दोष आहे, की समजून घ्यावयाची घडण आहे?

पूर्वपीठिका : समग्र दृष्टिकोनाचा शास्त्रीय पाया घालण्याचे श्रेय प्रामुख्याने कुर्ट गोल्डश्टाइन (१८७८–१९६५) या जर्मन मज्जाविकारतज्ञास दिले जाते. पहिल्या महायुद्धात मेंदूस इजा झालेल्या सैनिकांवर फ्रँकफुर्ट येथे उपचार करीत असता त्यांना असे आढळले, की मेंदूच्या एका भागास झालेल्या इजेचा परिणाम एकाच कार्यापुरता मर्यादित राहत नाही, तर रुग्णाच्या सर्व वागण्याची पुनर्रचना होते. रुग्णाचा कमालीचा टापटीपपणा किंवा नव्या प्रसंगांबद्दलची त्याची भीती ही केवळ विकृती नसून, उरलेल्या शक्तीनिशी जीवन सुसह्य करण्याची ती धडपड असते. १९३३ मध्ये नाझी राजवटीने गोल्डश्टाइन यांना अटक केली. सुटकेनंतर त्यांनी देश सोडला. आपल्या निरीक्षणांची मांडणी त्यांनी अॅम्स्टरडॅम येथील वास्तव्यात ग्रंथरूपाने केली व तो ग्रंथ १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी वापरलेली आत्मवास्तविकीकरणाची कल्पना पुढे एब्राहम मॅस्लो यांनी अमेरिकेत विकसित केली. गोल्डश्टाइन यांच्या संस्थेत १९२६ मध्ये काम केलेले फ्रिट्झ पर्ल्स यांनी व्यूह मानसशास्त्रातील कल्पनांच्या आधारे गेस्टाल्ट उपचारपद्धती मांडली (१९५१). त्याच वर्षी कार्ल रॉजर्स यांचा व्यक्तिकेंद्रित उपचारावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. उपचारकाची अकृत्रिमता, व्यक्तीचा निरपेक्ष स्वीकार आणि समानुभूती या रॉजर्स यांनी सांगितलेल्या तीन अटी समग्र मानसोपचारात आजही पायाभूत मानल्या जातात.

स्वमग्नतेचे आद्य अभ्यासक : मॉस्को येथील मानसचिकित्सक ग्रुन्या सुखारेवा (१८९१–१९८१) यांनी १९२५ मध्ये सहा मुलांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. एकांतप्रियता, ठराविक विषयांची तीव्र ओढ व हालचालींतील बोजडपणा यांबरोबरच मुलांपैकी काहींची संगीतातील व अन्य क्षेत्रांतील गुणवत्ताही त्यांनी नोंदविली. औषधांपेक्षा शाळेतील व्यायाम, चित्रकला, लाकूडकाम यांसारख्या उद्योगांवर त्यांचा भर होता. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अमेरिकेत ११ मुलांचे आणि हान्स आस्पेर्गर यांनी १९४४ मध्ये व्हिएन्ना येथे चार मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. आस्पेर्गर यांनी या मुलांच्या बुद्धीचे व मौलिकतेचे कौतुक केले असले, तरी काही मुलांना त्यांनी ‘आम श्पीगेलग्रुंड’ या नाझी संस्थेकडे पाठविल्याचे हेर्विग चेख यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. या संस्थेत अपंग मुलांची हत्या करण्यात येत असे. गुणवान वाटणाऱ्या मुलाची बाजू घ्यावयाची आणि ज्याच्यापासून समाजास लाभ दिसत नाही त्यास वाऱ्यावर सोडावयाचे, या भेदभावातील धोका या इतिहासात दिसतो. वेगळ्या व्यक्तींच्या प्रतिष्ठेचे समर्थन त्यांच्या उपयुक्ततेवर किंवा प्रतिभेवर आधारणे किती घातक ठरू शकते, याचे हे ठळक उदाहरण होय.

कॅनर यांनी आपल्या ११ मुलांचा मागोवा घेऊन १९७१ मध्ये जो वृत्तांत प्रसिद्ध केला, तो परिसराच्या महत्त्वाच्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. सरकारी संस्थांत ठेवलेल्या मुलांची कौशल्ये बहुतांशी लोपली. याउलट एका मुलास एका शेतकरी दांपत्याच्या घरी ठेवण्यात आले होते. त्यास मोजण्याचे वेड होते. शेतकऱ्याने त्यास विहीर खणावयास लावून तिची खोली मोजण्याचे आणि नांगरताना मक्याच्या ओळी मोजण्याचे काम दिले. या मुलाने पुढे महाविद्यालयीन शिक्षण पूर्ण करून बँकेत नोकरी केली. शेतकऱ्याने मुलाचे वेड न मोडता त्यास जीवनात स्थान दिले, ही गोष्ट पुढील काळातील उपचारतत्त्वाची पूर्वसूचनाच म्हणता येईल.

दाब्रोव्हस्की यांचा सिद्धांत : अतिसंवेदनशील व सर्जनशील व्यक्तींच्या मानसोपचाराचा स्वतंत्र विचार करणाऱ्यांत पोलिश मानसचिकित्सक काझीमिएझ दाब्रोव्हस्की (१९०२–८०) अग्रगण्य होत. आत्महत्येच्या मानसिक कारणांवरील प्रबंध त्यांनी १९२९ मध्ये जिनीव्हा येथे सादर केला. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी व युद्धोत्तर काळात साम्यवादी राजवटीने त्यांना तुरुंगात टाकले. १९६० नंतरच्या दशकात ते कॅनडात अध्यापन करू लागले. त्यांचा ‘सकारात्मक विघटना’चा सिद्धांत इंग्रजी ग्रंथरूपाने १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. काही व्यक्तींची उत्तेजनक्षमता जन्मतःच अधिक असते, असे प्रतिपादून त्यांनी तिचे शारीर-चालक, ऐंद्रिय, बौद्धिक, कल्पनात्मक व भावनिक असे पाच प्रकार मानले. अशा व्यक्तींच्या जीवनात येणारी चिंता, अपराधभावना व अंतर्गत संघर्ष हे सर्वस्वी रोगाचे लक्षण नसून, परंपरागत व्यक्तिमत्त्वरचना मोडून अधिक उच्च मूल्यांवर आधारलेली रचना उभी राहण्याची ती प्रक्रिया असू शकते, असे त्यांचे मत होते. मज्जाविकृती हा आजार नव्हे, असे घोषित करणारे शीर्षक त्यांनी आपल्या १९७२ च्या ग्रंथास दिले. प्रत्येक विघटन विकासाकडेच नेते असे मात्र ते मानीत नसत. या सिद्धांतास भक्कम प्रायोगिक आधार अद्याप लाभलेला नाही. त्याचा उपयोग मुख्यतः प्रज्ञावान मुलांच्या शिक्षणक्षेत्रात झाला. परंतु दुःखाचा अर्थ रुग्णाबरोबर शोधावयाचा असतो, हा विचार त्याने मानसोपचारात दृढ केला.

समग्रतेच्या नावाखालील चुका : समग्र दृष्टिकोनाच्या इतिहासात अनिष्ट अध्यायही आहेत. स्वमग्नतेचे मूळ मातेच्या भावशून्यतेत आहे, या मताचा पुरस्कार ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या ग्रंथात केला. त्यापूर्वीच १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड यांनी या मताचे खंडन करून स्वमग्नतेची कारणे जैविक असल्याचे प्रतिपादन केले होते. तरीही असंख्य माता दीर्घकाळ अपराधभावनेचे ओझे वाहत राहिल्या. कुटुंब व भावजीवन यांचा विचार करणे वेगळे आणि पुराव्यावाचून त्यांवर दोष ठेवणे वेगळे, हा धडा या प्रकरणातून मिळाला.

प्रतिभा व मनोविकार यांच्या नात्याविषयीही अतिशयोक्ती झाली. नॅन्सी अँड्रिअसन यांनी १९८७ मध्ये ३० लेखकांच्या केलेल्या पाहणीत त्यांपैकी ८० टक्क्यांना भावविकार होऊन गेल्याचे आढळले. तुलनेच्या गटात हे प्रमाण ३० टक्के होते. मात्र दहा लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवर आधारलेल्या २०१३ मधील स्वीडिश संशोधनात सर्जनशील व्यवसायांतील लोकांत, द्विध्रुवी विकार वगळता, मनोविकारांचे प्रमाण एकंदरीत अधिक आढळले नाही. लेखकांचा वर्ग यास अपवाद होता. उपचाराने प्रतिभा नष्ट होईल ही भीती, तसेच वेदनेवाचून कला नाही ही समजूत, दोन्ही व्यक्तीस आवश्यक त्या उपचारापासून दूर ठेवतात.

प्रौढांचा शोध : स्वमग्नता व अतिचंचलता या दीर्घकाळ बालपणापुरत्याच मानल्या गेल्या. पॉल वेंडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये प्रौढांतील अवधान-न्यूनतेकडे लक्ष वेधले. अमेरिकन निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत (१९८०) तिचा ‘अवशिष्ट प्रकार’ म्हणून उल्लेख झाला. ब्रिटिश मानसचिकित्सक लॉर्ना विंग यांनी १९८१ मध्ये आस्पेर्गर यांच्या विस्मृत संशोधनाचा परिचय करून दिला आणि त्यामुळे बुद्धिमान पण समाजात एकाकी पडलेल्या प्रौढांचे निदान होऊ लागले. आस्पेर्गर लक्षणसमूह हे स्वतंत्र निदान अमेरिकन निदानपुस्तिकेत १९९४ मध्ये आले व २०१३ मध्ये स्वमग्नतेच्या व्यापक वर्गात विलीन झाले. स्त्रियांतील स्वमग्नता त्याहूनही उशिरा लक्षात आली.

एलेन एरन यांनी १९९६ मध्ये ‘अतिसंवेदनशील व्यक्ती’ ही संकल्पना लोकप्रिय केली व पुढील वर्षी आर्थर एरन यांच्यासह त्याविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. संवेदनांचे खोलवर संस्करण व तीव्र उद्दीपनाने येणारा शीण ही या प्रवृत्तीची लक्षणे होत. २०१८ मधील एका संशोधनात प्रौढांपैकी सु. ३१ टक्के अधिक, ४० टक्के मध्यम व २९ टक्के कमी संवेदनशील असल्याचे दिसून आले. ही प्रवृत्ती स्वभावविशेष असून ते वैद्यकीय निदान नव्हे.

याच सुमारास स्वमग्न व्यक्ती स्वतःविषयी स्वतः बोलू लागल्या. जिम सिंक्लेअर यांनी १९९३ मध्ये पालकांना उद्देशून केलेले आवाहन आणि ज्यूडी सिंगर यांनी १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियात सादर केलेला प्रबंध ही या चळवळीची महत्त्वाची टप्पेवजा उदाहरणे होत. डेमियन मिल्टन या स्वमग्न समाजशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये असे दाखवून दिले, की स्वमग्न व इतर व्यक्ती यांच्यातील गैरसमज परस्परांचा असतो. समानुभूतीची उणीव केवळ एकाच पक्षाच्या माथी मारता येत नाही. रॉजर्स यांनी उपचारकाकडून अपेक्षिलेली समानुभूती उपचारकास सहज साधतेच असे नाही, ही जाणीव त्यामुळे निर्माण झाली.

उपचाराचे स्वरूप : या प्रश्नाचे गांभीर्य २०१४ मध्ये इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीवरून लक्षात येते. प्रौढपणी आस्पेर्गर लक्षणसमूहाचे निदान झालेल्या व्यक्तींपैकी ६६ टक्क्यांच्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेले होते. ३५ टक्क्यांनी तशी योजना आखली वा प्रयत्न केला होता. आपले वेगळेपण लपविण्यासाठी वर्षानुवर्षे केलेला अभिनय हे अशा मनःस्थितीचे एक कारण असल्याचे पुढील संशोधनात सूचित झाले. त्यामुळे ‘इतरांसारखे वागणे’ हे उपचाराचे ध्येय ठेवल्यास अपाय होण्याचा संभव असतो.

ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य मार्गदर्शक संस्थेने २०१२ मध्ये स्वमग्न प्रौढांसाठी मानसोपचारात काही बदल सुचविले. बैठकीची निश्चित व लेखी रूपरेषा, साधी व थेट भाषा, रूपकांचा मर्यादित वापर, मधूनमधून विश्रांती, व्यक्तीच्या आवडीच्या विषयांचा उपयोग व तिच्या संमतीने कुटुंबीयांचा सहभाग यांचा त्यांत अंतर्भाव होतो. याशिवाय समग्र उपचारात झोप, आहार, प्रकाश व आवाज यांचा त्रास, कामाच्या ठिकाणची परिस्थिती यांची चौकशी केली जाते. आवश्यकतेनुसार औषधोपचारही केला जातो, कारण शरीरास वगळून समग्रता संभवत नाही. प्रौढपणी निदान झालेल्या व्यक्तीस आपल्या पूर्वायुष्याचा नव्याने अर्थ लावावा लागतो. आळस, हट्ट वा दुबळेपणा म्हणून ज्याची संभावना झाली, ते वस्तुतः काय होते हे उमगल्यावर समाधानाबरोबरच गेलेल्या वर्षांचे दुःखही होते. त्या दुःखास वाव देणे हा उपचाराचा महत्त्वाचा भाग असतो.

भारतातील स्थिती : शरीर व मन यांचा एकत्रित विचार करणाऱ्या मानसोपचाराचा एक उल्लेखनीय प्रयोग मुंबईतील के. ई. एम. रुग्णालयात झाला. तेथे डॉ. एन्. एस्. वाहिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी पातंजल योगातील आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा व ध्यान या क्रमावर आधारलेली उपचारपद्धती मज्जाविकृतीच्या व मनोकायिक विकारांच्या रुग्णांवर वापरली. तिचे निष्कर्ष १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी परदेशी नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी दुसरा रुग्णगट घेऊन पारंपरिक साधनेची परीक्षा करण्याची त्यांची रीत आजही अनुकरणीय आहे. मज्जावैविध्य असलेल्या प्रौढांसाठी मात्र ही पद्धती योजलेली नव्हती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन-अक्षमता यांचा समावेश झाला. अवधान-न्यूनतेचा उल्लेख त्यात स्वतंत्रपणे नाही.

मूल्यमापन : समग्र मानसोपचार ही संज्ञा सैल असल्याने तिच्या नावाखाली अप्रमाणित उपायही केले जातात. स्वमग्न व अन्य वेगळ्या प्रौढांवरील मानसोपचारांच्या परिणामांचे संशोधन अजून मर्यादित आहे. त्यामुळे उपचारकाचे शिक्षण, पद्धतीमागील पुरावा आणि खुद्द व्यक्तीची साक्ष या तिन्ही कसोट्या आवश्यक ठरतात. फ्रँकफुर्ट येथील जखमी सैनिकाच्या टापटिपीत गोल्डश्टाइन यांना जगण्याची धडपड दिसली, आणि विहिरीची खोली मोजणाऱ्या मुलाच्या वेडात शेतकऱ्यास कामाची संधी दिसली. लक्षणाआड दडलेले माणसाचे प्रयोजन ओळखण्याची ही दृष्टी पुराव्याच्या शिस्तीशी जोडणे, हेच या उपचारशाखेपुढील मुख्य कार्य होय.