रक्तातील प्रतिपिंडांवरून कर्करोगाचा सुगावा कसा लागतो?

शरीरात शिरलेल्या जिवाणू-विषाणूंचा मुकाबला करण्यासाठी प्रतिकारयंत्रणा प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) ही प्रथिने तयार करते. कर्करोगाच्या पेशी बाहेरून येत नाहीत. त्या शरीराच्याच असतात. मात्र त्यांतील काही प्रथिनांचे स्वरूप बदललेले असते किंवा प्रमाण अवाजवी वाढलेले असते. अशा प्रथिनांना परके समजून शरीर त्यांच्याविरुद्धही प्रतिपिंडे निर्माण करते. पेशीविभाजनावर अंकुश ठेवणाऱ्या ‘पी-५३’ या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे स्तनाच्या कर्करोगाच्या काही रुग्णांच्या रक्तात १९८२ साली आढळली होती.

लहानशा गाठीतून रक्तात उतरणारे प्रथिन अत्यल्प असते. त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे मात्र मोठ्या संख्येने तयार होतात व रक्तात टिकून राहतात. त्यामुळे गाठ क्ष-किरणात दिसण्याआधीही त्यांचा माग लागू शकतो. ‘एलायझा’ पद्धतीत कर्करोगाशी संबंधित प्रथिनांचा थर दिलेल्या खळग्यांत रुग्णाचा रक्तद्रव घालतात. त्यात प्रतिपिंडे असल्यास ती प्रथिनांना चिकटतात आणि विकराच्या साह्याने येणाऱ्या रंगावरून त्यांचे प्रमाण कळते.

फुप्फुसाच्या कर्करोगासाठी सात प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचणीचा मोठा प्रयोग स्कॉटलंडमध्ये झाला. त्याचे निष्कर्ष २०१९ साली मांडण्यात आले. धूम्रपानामुळे धोका अधिक असलेल्या, ५० ते ७५ वर्षे वयाच्या १२,२०८ व्यक्तींचे दोन गट करण्यात आले. एका गटाची रक्तचाचणी करून, ती होकारार्थी आलेल्यांची क्ष-किरण व सीटी स्कॅन तपासणी झाली. दुसऱ्या गटाला नेहमीचीच वैद्यकीय सेवा मिळाली. दोन वर्षांत पहिल्या गटातील ५६, तर दुसऱ्या गटातील ७१ जणांना कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. त्यांपैकी रोग बळावल्यावर (टप्पा न कळलेले धरून) निदान झालेले अनुक्रमे ३३ व ५२ होते.

या आकड्यांना दुसरी बाजूही आहे. पहिल्या गटात ५९८ जणांची चाचणी होकारार्थी आली. त्यांपैकी अवघ्या १८ जणांना दोन वर्षांत कर्करोग आढळला. उरलेल्या ३८ रुग्णांची चाचणी नकारार्थी होती. दोन वर्षांतील मृत्यूंच्या प्रमाणातही लक्षणीय फरक दिसला नाही.

म्हणूनच अशी चाचणी होकारार्थी येणे म्हणजे कर्करोगाचे निदान नव्हे. ती केवळ पुढील तपासणीची सूचना होय. नकारार्थी अहवाल हेही निरोगीपणाचे प्रमाणपत्र नव्हे. तो हाती असला तरी दीर्घकाळचा खोकला किंवा थुंकीतून पडणारे रक्त याकडे दुर्लक्ष करणे घातक ठरते.