गोमाशीच्या नावाचे संप्रेरक

ईस्ट्रोजेन हा शब्द आज रजोनिवृत्ती, हाडांची झीज आणि स्तनाचा कर्करोग यांच्या संदर्भात कानी पडत असला, तरी त्याचे मूळ गोठ्यातले आहे. प्राचीन ग्रीक भाषेत ‘ओइस्ट्रॉस’ म्हणजे गुरांना डसून सैरावैरा पळवणारी गोमाशी. गायीचे रूप मिळालेल्या आयोच्या मागे हेरा देवीने जी लावून दिली, ती हीच. डंखावरून या शब्दाला अनावर आवेगाचा अर्थ चिकटला, आणि इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ वॉल्टर हीप यांनी १९०० मध्ये सस्तन मादीच्या समागमोत्सुक काळासाठी ‘ईस्ट्रस’ ही संज्ञा रूढ केली. मराठीत या अवस्थेला माज म्हणतात, आणि त्या शब्दालाही मस्तीचा अर्थ आहे, हा योगायोग मौजेचा खरा. गाय हंबरू लागली, वैरण टाकू लागली, योनीतून काचेसारखा स्वच्छ सोट लोंबू लागला, की ती माजावर आल्याचे पशुपालक ओळखतो. गर्भाशयमुखाच्या ग्रंथींकडून तो सोट स्रववून घेणारे द्रव्य ईस्ट्रोजेनच होय.

या द्रव्याचा पहिला वैद्यकीय वापर त्याला नाव मिळण्यापूर्वीच, आणि तोही उलट्या बाजूने झाला. अंडाशये काढलेली गाय अधिक काळ दूध देते, हा शेतकऱ्यांचा अनुभव ग्लासगोचे शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांच्या वाचनात आला होता. त्यावरून स्तन आणि अंडाशय यांचे काही नाते असावे असे अनुमान बांधून त्यांनी स्तनाचा कर्करोग बळावलेल्या एका स्त्रीची अंडाशये काढली, आणि गाठी विरत गेल्याचा वृत्तान्त १८९६ मध्ये प्रसिद्ध केला. हे नाते मज्जातंतूंचे नसून रक्तातून वाहणाऱ्या एखाद्या स्रावाचे आहे, हे त्याच सुमारास व्हिएन्नाचे एमिल क्नाउअर यांच्या सशांवरील प्रयोगांनी सूचित केले, कारण मूळ जागेवरून काढून दुसरीकडे रोवलेले अंडाशयही गर्भाशयाला सुकू देत नव्हते.

खरी अडचण मोजमापाची होती, कारण जे दिसत नाही ते आहे की नाही, हे ठरवायचे कशावरून? स्टॉकार्ड आणि पापानिकोलाऊ यांनी १९१७ मध्ये गिनीपिगच्या योनीतील पेशी काचपट्टीवर पसरून दाखवले, की ऋतुचक्राबरोबर त्या पेशींचे रूप ठरावीक क्रमाने बदलते. सेंट लुईस येथील एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉयझी यांनी हीच खूण कसोटी म्हणून वापरली: खाटीकखान्यातून आणलेल्या डुकरिणींच्या अंडाशयांतील पुटकांचा, म्हणजे बीजांड पिकवणाऱ्या बारीक फुग्यांचा, द्रव त्यांनी अंडाशये काढलेल्या उंदरिणींना टोचला, आणि सुमारे दोन दिवसांत काचपट्टीवर केंद्रक गमावलेल्या, खवल्यांसारख्या चपट्या पेशी दिसू लागल्या. अंडाशय नसलेली उंदरीण माजावर आली होती. हे संशोधन १९२३ मध्ये छापले गेले. १९२६ मध्ये पार्क्स आणि बेलर्बी यांनी द्रव्याला ‘ईस्ट्रिन’ म्हटले, आणि लवकरच ‘माज उत्पन्न करणारे’ या अर्थाचे ‘ईस्ट्रोजेन’ हे नाव स्थिरावले. कसोटीवरून पडलेले हे नाव द्रव्याची एकच करामत सांगते, इतर सगळ्या झाकून टाकते.

गर्भवतींच्या मूत्रात हे द्रव्य विपुल असते, असे आशहाइम आणि झोन्डेक यांनी १९२७ मध्ये दाखवल्यावर शुद्धीकरण सोपे झाले, आणि १९२९ मध्ये डॉयझी व जर्मनीतील बुटेनान्ट यांनी स्वतंत्रपणे ईस्ट्रोन या ईस्ट्रोजेनच्या एका प्रकाराचे स्फटिक मिळवले. त्याहून प्रभावी असलेले ईस्ट्राडायॉल मात्र डॉयझींच्या चमूला सुमारे ४ टन अंडाशयांतून जेमतेम १२ मिलिग्रॅम, म्हणजे तांदळाच्या एका दाण्याहूनही कमी, हाती लागले. म्हणून औषधासाठी गाभण घोड्यांचे मूत्र वापरात आले, आणि १९३८ मध्ये इंग्लंडमध्ये चार्ल्स डॉड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे स्वस्त कृत्रिम द्रव्य बनवले. ते गर्भपात टाळण्यासाठी असंख्य गर्भवतींना दिले गेले. त्यांच्या तरुण मुलींमध्ये योनीचा एरवी दुर्मिळ असलेला कर्करोग आढळू लागल्याचे बोस्टनच्या डॉक्टरांनी १९७१ मध्ये दाखवले. रजोनिवृत्तीनंतरच्या उपचाराची गोष्टही अशीच दुहेरी निघाली: १६,६०८ स्त्रियांवरील अमेरिकी चाचणी २००२ मध्ये मध्येच थांबवावी लागली, कारण ईस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन यांच्या एकत्र गोळीने अस्थिभंग कमी झाले, तरी स्तनाचा कर्करोग आणि पक्षाघात वाढले.

हे द्रव्य केवळ मादीचे, ही नावाने आखलेली मर्यादा खोटी असल्याचा पुरावा तसा लवकरच मिळाला होता. झोन्डेक यांना १९३४ मध्ये हेच द्रव्य नर घोड्याच्या मूत्रात मोठ्या प्रमाणावर सापडले. पुरुषाच्या शरीरातही ॲरोमाटेज हे विकर टेस्टोस्टेरॉनपासून ईस्ट्राडायॉल बनवते, हे पुढे कळले. तरीही मुलग्यांची वाढ टेस्टोस्टेरॉन थांबवते, अशीच समजूत प्रचलित राहिली. मग १९९४ मध्ये २८ वर्षांच्या एका पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली: टेस्टोस्टेरॉन योग्य प्रमाणात, ईस्ट्रोजेनही रक्तात भरपूर, परंतु ते ओळखणारे पेशींमधील ग्राहक प्रथिन जनुकदोषामुळे निकामी. त्याची हाडे सच्छिद्र झाली होती, उंची २०४ सेंटिमीटर होती, आणि क्ष-किरण चित्रात त्याच्या हाडांचे वय १५ वर्षांचे दिसत होते.