वाटाड्या काचेवर आला

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याला लागलेल्या नवख्या माणसानं यवतच्या आसपास गाडी थांबवून वरवंड कुठं, असं विचारलं, तर त्याला उत्तर साधारण असं मिळतं : ‘‘सरळ जावा. चौफुला मागं पडला की पुढचं मोठं गाव वरवंड. पाटस आलं तर समजा, पुढं गेलात.’’

या उत्तरात किलोमीटर नाहीत, पूर्व-पश्चिम नाही. गावांचा क्रम आहे आणि चुकलात तर चूक कशी ओळखायची याची खूण आहे. चौफुला हे नावच पाहा. शिरूर-न्हावऱ्याकडून येणारा रस्ता आणि सुपे-मोरगावकडे जाणारा रस्ता जिथं सोलापूर रस्त्याला छेदतो, ती ही जागा. गावाच्या नावातच चार वाटांचा नकाशा आहे.

आज असं विचारणारे कमी झाले. मोबाईल सांगतो, आपण ऐकतो. आणि आता त्याच्याही पुढची पायरी आली आहे. वाट दाखवणारा बाण मोबाईलच्या पडद्यावर न दिसता गाडीच्या पुढच्या काचेतून, रस्त्यावरच टेकवल्यासारखा दिसतो. इंग्रजीत याला ‘ऑगमेंटेड रिॲलिटी हेड-अप डिस्प्ले’ म्हणतात. आपण मराठीत म्हणू, ‘दिसणाऱ्या रस्त्यावर काढलेली खूण’. ही गोष्ट परदेशातच पाहायला मिळेल असंही नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये महिंद्र कंपनीनं ज्या दोन विजेवरच्या मोटारी जाहीर केल्या, त्यांत ही सोय आहे, आणि त्या मोटारी तयार होतात आपल्याच पुणे जिल्ह्यात, चाकणला. म्हणजे वरवंडपासून काही तासांच्या अंतरावर. तेव्हा वाट दाखवण्याच्या या नव्या तऱ्हेपर्यंत आपण कसे पोचलो, हे एकदा पाहायला हवं.

सुरुवात माणसापासून होते. जुन्या काळी परक्या मुलखात जाणाऱ्याला नकाशा मिळत नसे, वाटाड्या मिळत असे. तो आपल्या गावापासून पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत सोबत करी, तिथून पुढचा वाटाड्या घेई. मजल-दरमजल प्रवास असाच चाले. वाटाड्या पुढं चालायचा. त्याला वाट माहीत असे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आजची वाट माहीत असे. ओढ्याला पाणी आलंय का, कालच्या पावसानं कुठं चिखल झालाय, कुठली पाऊलवाट पेरणीनं मोडली, हे त्याच्या डोळ्यांसमोर असे.

पण या गोष्टीची दुसरी बाजू विसरता येणार नाही. हा वाटाड्या बहुतेक वेळा गावच्या महारवाड्यातला असे, आणि त्याच्या मर्जीला विचारत कोण होतं? सरकारी माणूस गावात आला की त्याला वाट दाखवणं, त्याचं ओझं पुढच्या गावी पोचवणं, निरोप नेणं ही वतनाची कामं समजली जात. ऊन असो, पाऊस असो, घरात कुणी आजारी असो, हाक आली की निघायचं. मोबदला नाममात्र. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं, ते याच वेठीविरुद्ध. ही कनिष्ठ वतनं कायद्यानं नष्ट व्हायला मात्र १९५८ साल उजाडावं लागलं. वाट दाखवण्याच्या इतिहासातलं पहिलं ‘यंत्र’ हा एक जिवंत माणूस होता आणि त्याला नाही म्हणायची सोय नव्हती. रस्त्याकडेचे दगड, नकाशे आणि पुढची सारी साधनं आली, तेव्हा त्या माणसाच्या पायांचा भार थोडा का होईना उतरला, हे ध्यानात ठेवूनच पुढं जाऊ.

इंग्रजी अमदानीत रस्ते बांधले गेले तसे रस्त्याकडेला दगडही आले. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फोर्टातल्या सेंट थॉमस चर्चपासून अंतर मोजून मैलाचे दगड रोवले गेले. त्यांतले काही शहराच्या गर्दीत आजही सापडतात. १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांनी बोरघाटातून जाणारा गाडीरस्ता खुला केला आणि मुंबई-पुणे प्रवास चाकांवर आला. चाकांवर बसलेल्या माणसाला दर गावी उतरून वाटाड्या घ्यायला फुरसत नसते. त्याला अंतर हवं असतं.

स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या कायद्यानं दशमान पद्धत आली. मैल गेले, किलोमीटर आले. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाला पिवळं डोकं, राज्यमार्गाच्या दगडाला हिरवं. सोलापूर रस्ता आमच्या पिढीला ‘नॅशनल हायवे नंबर नऊ’ म्हणून पाठ होता. २०१० मध्ये देशभरच्या महामार्गांना नवे क्रमांक मिळाले आणि नऊचा पासष्ट झाला. पण आजही एखाद्या जुन्या ट्रक ड्रायव्हरच्या तोंडून ‘नऊ नंबर’ निघून जातं.

दगडाची एक मर्यादा असते. किती उरलं ते तो सांगतो, पण कुठं वळायचं ते सांगत नाही आणि समोर काय आहे ते तर मुळीच सांगत नाही. ते काम आपल्याकडं ट्रकच्या क्लीनरनं केलं. डाव्या बाजूच्या दारातून अर्धा बाहेर झुकलेला, हातानं पत्र्यावर थाप मारत ‘येऊ द्या, येऊ द्या, बास’ म्हणणारा क्लीनर हा वाटाड्याचाच वंशज. ड्रायव्हरला मान वळवावी लागत नाही. थाप एकदा पडली की एक अर्थ, दोनदा पडली की दुसरा.

यंत्रानं वाट सांगावी, ही कल्पनाही जुनी आहे. अमेरिकेत १९०९ मध्ये जोन्स नावाच्या संशोधकानं ‘लाइव्ह मॅप’ विकायला आणला. मोटारीच्या चाकाला जोडलेली कागदी तबकडी गाडी चालेल तशी फिरे आणि पुढचं वळण दाखवी. १९८१ मध्ये जपानच्या होंडा कंपनीनं मोटारीत असं यंत्र बसवलं की, गाडी किती चालली आणि किती वळली याचा हिशोब ठेवून ते पारदर्शक नकाशावर आपली जागा दाखवत असे. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या इटॅक कंपनीनं नकाशा कॅसेटवर भरून तो मोटारीतल्या छोट्या पडद्यावर आणला. यांपैकी कशालाही उपग्रहाची मदत नव्हती.

ती मदत पुढं मिळाली. अमेरिकेची जीपीएस यंत्रणा १९९५ मध्ये पूर्ण क्षमतेनं सुरू झाली, पण सर्वसामान्यांना मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम चूक ठेवलेली असे. मे २००० मध्ये ती चूक काढून टाकली गेली आणि जिथं शंभर मीटरची शंका होती, तिथं दहा-वीस मीटरवर काम भागू लागलं. पुढं भारतानंही आपले उपग्रह सोडले. त्यांतला पहिला २०१३ मध्ये आणि सातवा २०१६ मध्ये गेला, आणि या यंत्रणेचं नाव ‘नाविक’ ठेवलं गेलं. वाटाड्याला समुद्रावरचं नाव मिळालं म्हणायचं.

मग अडचण कुठं आली? अडचण डोळ्यांची आहे. पडदा डॅशबोर्डवर असतो आणि रस्ता समोर. ताशी ८० किलोमीटर वेगानं जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढं जाते. पडद्यावर नुसती दोन सेकंद नजर गेली, तरी गाडीनं ४४ मीटर अंतर डोळे मिटल्यासारखं काटलेलं असतं. वरवंडच्या बसथांब्याजवळ रस्ता ओलांडणाऱ्या माणसाच्या दृष्टीनं ४४ मीटर म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. २०२३ या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत १ लाख ७२ हजारांहून जास्त माणसं गेली.

यावरचा उपाय विमानातून आला. डब्लिनचे दुर्बीण बनवणारे हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली बंदुकीच्या नेमासाठी एक युक्ती काढली. तिरक्या काचेवर प्रकाशाची खूण अशी पाडायची की, ती काचेवर नव्हे तर दूर लक्ष्यावरच असल्याचं डोळ्याला वाटावं. दुसऱ्या महायुद्धापर्यंत लढाऊ विमानांत ही युक्ती रुळली. पुढं वैमानिकाला वेग आणि उंचीही समोरच्या काचेतच दिसू लागली. १९८८ मध्ये अमेरिकेच्या जनरल मोटर्सनं ती मोटारीत आणली, पण तेव्हा दिसत असे तो मुख्यतः वेगाचा आकडा. ‘ऑगमेंटेड रिॲलिटी’ हे शब्द त्यानंतर लवकरच, १९९० च्या सुमारास, बोइंग कंपनीतले टॉम कॉडेल यांनी रूढ केले. विमानातल्या तारा जोडणाऱ्या कामगाराला समोरच्या फळीवरच तारेची वाट दिसावी, हा त्यांचा हेतू होता. म्हणजे मूळ शब्दही वाटेशीच जोडलेला निघाला.

डॅशबोर्डच्या आत एक प्रोजेक्टर आणि वळणदार आरसे असतात. त्यांतून निघालेला प्रकाश पुढच्या काचेवर आपटून डोळ्यांत येतो. साध्या काचेच्या आतल्या आणि बाहेरच्या पृष्ठभागावरून दोन प्रतिमा उमटतील, म्हणून काचेच्या दोन थरांमधला पडदा वर जाड, खाली पातळ असा पाचरीसारखा घालतात. प्रतिमा काही मीटर पुढं, नव्या गाड्यांत सुमारे दहा मीटरवर तरंगताना दिसते. मर्सिडीज आणि फोक्सवॅगननं २०२० मध्ये अशा गाड्या आणल्या. खरा कस पुढं लागतो. बाण रस्त्यावर टेकलेला दिसायचा तर गाडी कुठल्या पट्ट्यात आहे, खड्ड्यानं तिचं नाक किती वर-खाली झालं, हे सारं क्षणोक्षणी मोजावं लागतं. महामार्ग आणि शेजारचा सेवारस्ता यांत अंतर ते किती! जीपीएसची काही मीटरची चूक झाली तरी बाण भलत्या रस्त्यावर जाऊन बसायचा. म्हणून उपग्रहाच्या जोडीला कॅमेरा, रडार आणि बारकाईनं केलेले नकाशे लागतात.

इतकं जमलं म्हणजे सगळं झालं का? इथं एक जुना प्रयोग आठवतो. १९८० मध्ये नासाच्या संशोधकांनी अनुभवी वैमानिकांना नकली विमानात बसवून काचेवरच्या खुणांच्या मदतीनं उतरायला सांगितलं. काही वेळा धावपट्टीवर मुद्दाम दुसरं विमान आडवं आणलं. काही वैमानिकांना ते दिसलंच नाही. त्यांची नजर समोरच होती, पण लक्ष खुणांवर होतं. नजर आणि लक्ष या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे या प्रयोगानं दाखवून दिलं. खूण डोळ्यांसमोर आणून निम्मंच काम होतं.

आता हा बाण वरवंडच्या रस्त्यावर उतरवून पाहा. गाळपाचा हंगाम सुरू झालेला. रात्रीची वेळ, थोडं धुकं. पुढं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागचा दिवा उसाच्या वाढ्यांनी झाकलेला. त्याच्याही पुढं बैलगाड्यांची रांग. काचेवरचा बाण सांगतो, सरळ. रस्ताही सरळ आहे. चुकीचं काहीच नाही, आणि तरी त्या बाणावर लक्ष ठेवून जाणारा माणूस घात करून बसेल. गाडीला कॅमेरा असेल तर तो ट्रॉली ओळखेलही, पण त्याला ती ओळखता यावी म्हणून तिच्यावर एक साधा लाल रिफ्लेक्टर लावायला हवा. लाखो रुपयांची काच आणि काही रुपयांची लाल पट्टी, दोन्हींची गाठ एकाच रस्त्यावर पडते.

आणि आषाढीच्या आधी? संत तुकाराम महाराजांची पालखी यवतहून वरवंडला मुक्कामाला येते आणि पुढं पाटसहून रोटीच्या घाटानं बारामतीकडं वळते. नारायण महाराजांनी १६८५ मध्ये सुरू केलेला हा सोहळा याच मातीवरून जातो. लाखो माणसं चालतात आणि कुणाच्या हातात नकाशा लागत नाही. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचे क्रमांक ठरलेले असतात. आपल्या दिंडीची पताका दिसली की वाट सापडली. पताका माणसांच्या डोक्यावर असते, रस्त्याच्या वर दिसते आणि खालचा रस्ता झाकत नाही. काचेवर खुणा काढणाऱ्या इंजिनिअरांनी शिकावा असा हा धडा आहे : खूण थोडी असावी, उंच असावी आणि समोरच्या माणसाला लपवणारी नसावी. पाटसपासून पुढं पालखी मार्गाचा राष्ट्रीय महामार्ग करण्याच्या कामाची पायाभरणी २०२१ मध्ये झाली. पायी चालणारा वारकरी आणि काचेवर बाण पाहणारा मोटारवाला यांची भेट आता इथं दरवर्षी होणार.

वाटाडा पुढं चालायचा, म्हणून त्याच्याकडं पाहिलं की रस्ताही दिसायचा. मधल्या काळात दगड कडेला गेला, नकाशा मांडीवर आला, पडदा हाताशी आला, आणि वाट पाहायची तर वाटेवरची नजर काढावी लागू लागली. काचेवरच्या बाणानं वाटाड्याला पुन्हा त्याच्या जागी, आपल्या पुढं आणून उभं केलं, हे त्याचं मोठेपण. शिवाय या वाटाड्याला कुणी वेठीला धरलेलं नाही. फरक उरतो तो एवढाच की, ओढ्याला पाणी आलं तर जुना वाटाड्या थांबायचा आणि मागं वळून हात वर करायचा, कारण त्या पाण्यात आधी त्याचे पाय जाणार होते. बाणाला पाय नाहीत. त्यामुळं हात वर करायचं काम अजून आपल्याकडंच आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)