वरून दिसणारा महाड

१८५८ साली पॅरिसमधल्या नादार नावाच्या छायाचित्रकाराने एक पेटंट घेतलं. बलूनमधून फोटो काढायचे आणि त्यांवरून जमिनीचे नकाशे करायचे, अशी त्याची योजना होती. त्याच्या डोळ्यांपुढे शेतांच्या हद्दी आणि मोजणीची कामं होती. सौंदर्यबिंदर्य नंतरचं. काम मात्र जमेना. त्या काळी काचेला ओलं रसायन लावून, ते वाळायच्या आत फोटो काढून लगेच धुवावा लागे. म्हणजे बलूनच्या टोपलीतच अंधारी खोली! नादारच्या काचा काळ्याच निघत. बलूनच्या तोंडातून सुटणारा वायू रसायन नासवतो हे त्याच्या उशिरा ध्यानात आलं. तोंड बंद ठेवून तो वर गेला, तेव्हा पॅरिसजवळच्या एका खेड्याचं पुसट चित्र उमटलं. ते आज शिल्लक नाही. १८६०मध्ये जेम्स ब्लॅकने बलूनमधून काढलेला बॉस्टन शहराचा फोटो शिल्लक आहे.

पुढे कोणी पतंगाला कॅमेरा बांधला, तर एका जर्मन औषधविक्रेत्याने कबुतरांच्या छातीला. लोकांनी ते कौतुकाने पाहिलं आणि सोडून दिलं. विमान आल्यावर गोष्ट गंभीर झाली. पहिल्या महायुद्धात उघड्या विमानातून बाहेर वाकून काचेच्या प्लेटांवर खंदकांचे फोटो काढणं हे रोजचं काम होऊन बसलं. ते शिकलेल्या माणसांना युद्धाबाहेरचंही काही दिसू लागलं. मेसोपोटेमियात नकाशे करणाऱ्या बीझली या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याला सामर्‍याच्या परिसरात जुन्या शहराची आणि कालव्यांची आखणी वरून स्वच्छ दिसली. जमिनीवर त्याच जागेवरून चालत जाणाऱ्याला मातीचे उंचवटे सोडून काही कळत नव्हतं. बीझलीने हे १९१९मध्ये लिहून प्रसिद्ध केलं.

महाडजवळच्या रायगडाची बाजारपेठ पाहिलेल्यांना हे लगेच पटेल. गडावर दोन ओळींमधून चालताना जोती आणि पायऱ्याच दिसतात. वरून पाहिलं तर समोरासमोरच्या दोन सरळ रांगा, मधला रुंद रस्ता, एका टोकाला राजवाड्याकडची बांधकामं आणि दुसरीकडे जगदीश्वराचं देऊळ अशी सगळी आखणी एका नजरेत येते. पण त्यासाठी ऊन तिरपं हवं. भर दुपारी वरून काढलेल्या फोटोत सावल्या नसतात, आणि सावली नसली की पडक्या भिंतीची उंची कळत नाही.

वरून फोटो काढण्याचं हे शास्त्र आपल्याकडे लवकर आलं. १९२४मध्ये रोनाल्ड केंपच्या कंपनीने इरावतीच्या त्रिभुज प्रदेशातल्या जंगलांचं विमानातून सर्वेक्षण केलं. ब्रह्मदेश तेव्हा हिंदुस्थान सरकारच्याच ताब्यात होता. पद्धत साधी आणि कंटाळवाणी. विमान सरळ रेषेत एकाच उंचीवरून न्यायचं, कॅमेरा पोटातून थेट खाली रोखायचा, आणि दर फोटोत आधीच्या फोटोतला साठ टक्के भाग पुन्हा येऊ द्यायचा. असे शेजारचे दोन फोटो स्टिरिओस्कोपखाली ठेवले की डोंगर कागदातून उठून उभा राहतो. टोपोशीटवरच्या समोच्च रेषा पुढे अशाच फोटोंवरून काढू लागले. स्वातंत्र्यानंतर हवाई दल, दमदमची एअर सर्व्हे कंपनी आणि हैदराबादची राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्था यांनी भारतीय सर्वेक्षण विभागासाठी देशाचे असे पट्टे टिपले.

पण ते फोटो ज्या गावांचे होते त्या गावांना कधी दिसले नाहीत. सरहद्दीपासून आणि समुद्रकिनाऱ्यापासून ऐंशी किलोमीटरच्या पट्ट्यातले तपशीलवार नकाशे प्रतिबंधित असत, आणि हवाई फोटोंवर तर संरक्षण खात्याची मोहोर. महाडपासून बाणकोटचा किनारा सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटरवर. म्हणजे महाड आणि पोलादपूर हे दोन्ही तालुके या बंद कपाटात पडले. उमरठच्या शेतकऱ्याने आपल्या वाडीच्या मागचा डोंगर नकाशात पाहायचा म्हटलं तर तो गुपिताचा मामला! विमानातून हौसेने फोटो काढण्यावरही १९३७च्या विमान नियमांतला तेरावा नियम होता, लेखी परवानगीशिवाय कॅमेरा बाहेर काढायचा नाही. प्रवाशांना त्यातून २००४मध्ये मोकळीक मिळाली. नकाशांचं नवं धोरण मे २००५मध्ये आलं.

त्याच वर्षीच्या जुलैत महाड तालुक्यातल्या जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. दीडशेहून अधिक माणसं गेली. महाड शहर पाण्याखाली होतं.

धोरणाने दरड थांबली असती असं कोणी म्हणणार नाही. पण दरडीची खूण वरून दिसते, हे या विषयातल्या लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर माती आणि मुरमाचा थर असतो. जुनी दरड जिथून सुटली तिथे उतारावर चमच्याने उकरल्यासारखा खळगा राहतो, त्याखाली राडारोड्याचा पंखा पसरतो आणि त्या पंख्यावर सपाट, पाण्याची जागा म्हणून पुढे कोणीतरी घरं बांधतं. खालून ते छान माळरान वाटतं. स्टिरिओस्कोपखाली मात्र खळगा आणि पंखा एकत्र दिसतात, आणि मधली वाडीही.

फोटो काढायचे कधी, हा इथला मोठा पेच. जून ते सप्टेंबर आभाळ फाटलेलं. मार्चनंतर राब भाजायला लागतात, वणवे लागतात आणि धुराचा दुधी पडदा खाडीपासून महाबळेश्वरच्या कड्यापर्यंत लटकतो. उरतात ते दिवाळीनंतरचे मोजकेच महिने. जुहूहून निघालेलं लहान सेसना पाऊण तासाच्या आत महाडवर येतं. पंख वर असल्यामुळे खालचं मोकळं दिसतं, खिडकी उघडता येते. फोटोग्राफरने हात खिडकीच्या चौकटीला टेकवायचा नाही, कारण इंजिनाची थरथर थेट कॅमेऱ्यात उतरते. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. सावित्रीच्या खोऱ्यात पोलादपूरच्या पुढे शिरायचं तर वैमानिकाने वळायला जागा आधीच पाहून ठेवायची, कारण समोर कडे हजार मीटरहून जास्त उठतात आणि खोरं निमुळतं होत जातं. एवढं करून हाती येतो तो नोव्हेंबरचा डोंगर. कोरडा, हिरवा-पिवळा, साळसूद. ज्या दिवशी तो हलतो त्या दिवशी विमान जमिनीवर असतं.

या मोसमात काढलेली चित्रं लोकांपर्यंत पोचली ती मुख्यतः किल्ल्यांमुळे. नौदलातून आलेल्या गोपाळ बोधे यांनी मुंबई, दीपस्तंभ आणि किल्ले आकाशातून टिपले. उद्धव ठाकरे यांचं ‘महाराष्ट्र देशा’ हे हवाई छायाचित्रांचं पुस्तक २०१०मध्ये आलं. राजकारण बाजूला ठेवून पाहावं असं ते काम आहे. गड हा डोंगराचाच एक आकार आहे, वर ठेवलेली वस्तू नव्हे, हे अशा फोटोंनी मराठी घरांतल्या भिंतींवर आणून ठेवलं. तक्रार एवढीच की फोटोग्राफरची नजर माचीवर आणि बुरुजावर थांबते. पायथ्याच्या वाड्या कोपऱ्यात कापल्या जातात.

महाडच्या बातम्यांतली हवाई दृश्यं मात्र आपत्तीचीच. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल दोन एसटी बसगाड्यांसह गेला. नंतर हेलिकॉप्टरं पात्रावरून फिरली, पण गढूळ पाण्याखालचं वरून काय दिसणार? २२ जुलै २०२१ला तळिये गाव दरडीखाली गेलं, ऐंशीहून जास्त माणसं मेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडी इथेही दरडी आल्या. रस्ते पाण्याखाली होते, मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. तळियेचा तो लाल ओरखडा साऱ्या देशाने ड्रोनच्या आणि हेलिकॉप्टरच्या चित्रांत पाहिला. महाडकरांनी त्याच दिवसांत सावित्रीतली बेटं आणि दासगावजवळचा रेल्वेचा भराव वरून पाहिले, आणि गाळ काढण्याची मागणी चित्रं दाखवून करता येऊ लागली. पुराला कारण कोणतं किती, यावर वाद होतील. निदान दोन्ही बाजू एकाच चित्राकडे बोट दाखवू लागल्या.

ढगांचं उत्तर आता विमानात नाही. रडार उपग्रहाला ढग आणि रात्र यांचा अडथळा नसतो. फेब्रुवारी २०२२मध्ये सोडलेला ईओएस-०४ आणि जुलै २०२५मध्ये सोडलेला निसार हे त्या जातीचे. निसारच्या फेऱ्यांची तुलना करून जमीन काही सेंटिमीटरने सरकली तरी कळावं, असा हेतू आहे. मात्र दाट झाडीच्या, उभ्या उतारावर रडारचं वाचन सोपं नाही, आणि ते वाचून वाडीत सांगायला जाणारा माणूस लागतोच.

दुसरं टोक ड्रोनचं. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीपासून महाराष्ट्रात गावठाणांची ड्रोनने मोजणी सुरू झाली, पुढे केंद्राची स्वामित्व योजना २०२०मध्ये आली. गावातल्या घराला हद्द आणि मालमत्तेचा कागद मिळतो. नादारच्या पेटंटातलं काम अखेर ग्रामपंचायतीच्या दारात आलं म्हणायचं. पण ड्रोन गावठाणाच्या वेशीपाशी परत फिरतो. दरड जिथून सुटते तो उतार वरच्या वनात किंवा खाजगी डोंगरात असतो, मोजणीबाहेर. तोच ड्रोन, तोच चालक, आणखी वीस मिनिटांची बॅटरी. दर दिवाळीनंतर एकाच रेषेवरून तो उतार टिपून ठेवला, आणि मागच्या वर्षीच्या फोटोशेजारी नवा ठेवून भेग कुठे रुंदावली ते तलाठी कार्यालयात लावलं, तर त्यासाठी उपग्रहाची वाट पाहावी लागत नाही.