ठाण्याची साक्ष

'शहीद' या अरबी शब्दाचा मूळ अर्थ साक्षीदार. कुरआनात तो बहुतेक ठिकाणी याच अर्थाने येतो. ख्रिस्ती लोकांच्या ग्रीक 'मार्टिस' शब्दाचा मूळ अर्थही साक्षीदारच. पुढे दोन्हीकडे धर्मासाठी प्राण देणाऱ्याला हे नाव मिळाले.

आरंभीच्या बिशपांनी या कल्पनेला वळण लावले. अंतिओखचे बिशप इग्नेशियस यांना दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीस कैदी म्हणून रोमला नेत होते. मला वाचवू नका, असे त्यांनी तिथल्या मंडळींना लिहिले. स्मिर्ना, म्हणजे आजच्या इझमीरचे वृद्ध बिशप पॉलिकार्प मात्र आधी शेतावर जाऊन राहिले. पकडायला आलेल्या शिपायांना त्यांनी जेवू घातले, मग मरण पत्करले. आपण होऊन मरणाच्या तोंडी जाणाऱ्याची स्तुती करू नये, असे त्यांच्या मंडळीने लिहून ठेवले आहे. मला ही अट फार मोलाची वाटते.

तिची कसोटी आपल्या ठाण्यात लागली. साल १३२१, दिल्लीच्या तख्तावर गियासुद्दीन तुघलक. तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर हे फ्रान्सिस्कन आणि सोबती दिमित्रियस यांना जायचे होते कोल्लमला. जहाज लागले ठाण्याला. ते एका ख्रिस्ती घरी उतरले. तिथे नवऱ्याने बायकोला मारले. ती काझीकडे गेली आणि साक्षीला तिने या पाहुण्यांची नावे दिली. पीटर सामान राखायला घरी थांबले. म्हणजे हे लोक मरायला नव्हे, एका बाईची साक्ष द्यायला गेले होते!

फिर्याद राहिली बाजूला आणि धर्माचा वाद सुरू झाला. हजरत पैगंबरांविषयी (स.) पुन्हा पुन्हा विचारले गेले. उत्तर जहाल आले. कोणाही मुसलमानाला ते झोंबेल. तरी मलिकने त्यांना आधी सोडून दिले होते. काझीने त्याचे मन फिरवले आणि रात्री मारेकरी गेले. ९ एप्रिलला तिघे, ११ ला पीटर मारले गेले. फिर्याद ऐकणे हे काझीचे पहिले काम, ते त्याने केले नाही, असे मी स्पष्ट म्हणेन.

ही हकीकत नंतर ठाण्यास आलेल्या ओडोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाने सांगितली. ती एकतर्फी आहे, चमत्कारांनी भरलेली आहे. गंमत म्हणजे 'काझी'चा अर्थ तो 'बिशप' असा देतो. पण दिल्लीच्या बादशहाने त्या मलिकला देहदंड दिला, हेही तोच सांगतो.

प्रेते जॉर्डनस या डोमिनिकन सोबत्याने सोपाऱ्याला पुरली. १३२९ मध्ये पोपने त्यांनाच कोल्लमचे बिशप नेमले.