बारावीलाच झगा आणि टोपी? अमेरिकेतल्या सरकारी शाळांचं वर्ष असं संपतं

मे महिना संपत आला की अमेरिकेतल्या भाचे-पुतण्यांचे फोटो फॅमिली ग्रुपवर यायला लागतात. अंगात पायघोळ झगा, डोक्यावर चौकोनी टोपी, शेजारी डोळे पुसणारी आजी. बघणाऱ्याला वाटतं, पोरगं डॉक्टरेट घेऊन आलं. मग कळतं, ते बारावी झालंय. कधी कधी तर नुसती बालवाडी!

हा थाट फक्त महागड्या खासगी शाळांचा नाही. तिथल्या साध्या सरकारी शाळांतही तो असतो. शाळा सरकारी असल्यामुळे त्या समारंभाला काही नियम लागू होतात आणि काही काळज्याही मागे लागतात. त्या समजून घेऊ.

स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे काय?

आपल्याकडे नावात 'पब्लिक स्कूल' असलं की ती बहुतेक वेळा खासगी शाळा असते. अमेरिकेत पब्लिक स्कूल म्हणजे करातून चालणारी, फी नसलेली शाळा. अशा शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेला स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणतात. इथला डिस्ट्रिक्ट म्हणजे जिल्हा नव्हे. एखाद्या गावाचा स्वतंत्र डिस्ट्रिक्ट असू शकतो, तर संपूर्ण हवाई राज्याचा मिळून एकच आहे. देशभरात असे सुमारे १३ हजार डिस्ट्रिक्ट आहेत आणि न्यूयॉर्क शहराचा त्यांत सगळ्यात मोठा.

बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेलं स्कूल बोर्ड कारभार पाहतं. पैसा मुख्यतः राज्य सरकारकडून आणि स्थानिक मालमत्ता करातून येतो, केंद्राचा वाटा छोटा असतो. शाळा कधी सुरू होणार, कधी संपणार हेही बऱ्याच अंशी डिस्ट्रिक्टच ठरवतो.

शाळा नेमकी कधी संपते?

देशभर एकच तारीख नाही. बहुतेक राज्यांत वर्षाला साधारण १८० दिवस किंवा तेवढे तास शाळा भरावी लागते. दक्षिणेकडच्या अनेक भागांत शाळा ऑगस्टच्या सुरुवातीलाच भरते आणि मेअखेर सुट्टी लागते. न्यूयॉर्कमध्ये मुलं सप्टेंबरमध्ये येतात आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत वर्गात असतात. उत्तरेकडे हिवाळ्यात बर्फामुळे शाळा बंद राहिली, तर ते दिवस अनेकदा जूनमध्ये भरून काढतात. जानेवारीत बर्फ पडला म्हणून नाचलेली मुलं त्याची किंमत जूनच्या उकाड्यात मोजतात.

शेवटचे पंधरा दिवस

लहान वर्गांत 'फील्ड डे' असतो. मैदानावर रस्सीखेच, पोत्यांची शर्यत, पाण्याचे फुगे. मोठ्या वर्गांत इयरबुक हातात पडतं आणि मित्रमैत्रिणी त्यात एकमेकांना चार ओळी लिहून देतात. हायस्कूलमध्ये प्रॉम नावाची नाचगाण्याची संध्याकाळ असते. बालवाडी, पाचवी, आठवी हे टप्पे ओलांडणाऱ्या मुलांचेही छोटे समारंभ होतात. यातला बराच खर्च पालक-शिक्षक संघ वर्गणी काढून आणि केक विकून उभा करतो.

झगा, टोपी आणि गोंडा

बारावीच्या समारंभाला ग्रॅज्युएशन किंवा 'कमेन्समेंट' म्हणतात. या शब्दाचा अर्थ 'सुरुवात'. बँडवर वाजते इंग्रज संगीतकार एडवर्ड एल्गार यांची १९०१ सालची एक संचलन धून. १९०५ मध्ये येल विद्यापीठाने एल्गार यांना मानद पदवी दिली तेव्हा ती वाजली आणि पुढे अमेरिकाभर रूढ झाली. टोपीचा गोंडा आधी उजवीकडे असतो, प्रमाणपत्र मिळालं की डावीकडे घेतात. टोप्या हवेत उडवण्याची प्रथा १९१२ मध्ये नौदल अकादमीत सुरू झाल्याचं मानतात.

एक फरक लक्षात घ्यायला हवा. आपल्याकडे बारावीचा निकाल बोर्ड लावतं आणि तो लागेपर्यंत वर्ग पांगलेला असतो. तिथे देशभर अशी एक बोर्ड परीक्षा नाही. चार वर्षांत ठरलेल्या विषयांचे क्रेडिट पूर्ण केले की मूल उत्तीर्ण. त्यामुळे सगळा वर्ग एकत्र असतानाच समारंभ होतो आणि पहिल्या आलेल्यापासून काठावर पास झालेल्यापर्यंत प्रत्येकाचं नाव स्टेजवरून पुकारलं जातं. क्रेडिट कमी पडले तर मात्र अनेक डिस्ट्रिक्टमध्ये स्टेजवर जाता येत नाही. उन्हाळी वर्गांत राहिलेला विषय पूर्ण करावा लागतो.

समारंभात प्रार्थना का होत नाही?

१९८९ मध्ये ऱ्होड आयलंड राज्यातल्या एका सरकारी शाळेने समारंभात प्रार्थनेसाठी ज्यू धर्मगुरूंना बोलावलं. एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी त्याला आव्हान दिलं. हे कुटुंबही ज्यूच होतं, हे विशेष. १९९२ मध्ये 'ली विरुद्ध वाईझमन' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला की सरकारी शाळेने अशी प्रार्थना ठेवणं राज्यघटनेत बसत नाही. 'नको असेल तर येऊ नका' हा युक्तिवाद न्यायालयाने मानला नाही. आयुष्यात एकदाच येणारा दिवस चुकवायला सांगणं म्हणजे मोकळी निवड नव्हे. म्हणून धार्मिक सोहळा हवा असलेली कुटुंबं आणि चर्च तो शाळेबाहेर वेगळा करतात.

समारंभानंतरची रात्र

पार्टी, दारू आणि गाडी. १९७९ च्या समारंभांच्या दिवसांत मेन राज्यातल्या ऑक्सफर्ड हिल्स भागात अशा अपघातांत अनेक किशोरवयीन मुलं गेली. पुढच्याच वर्षी तिथे 'प्रोजेक्ट ग्रॅज्युएशन' सुरू झालं. समारंभाच्या रात्री पालक आणि शाळा मिळून दारूविरहित पार्टी करतात, खेळ, खाणं, बक्षिसं ठेवतात आणि मुलं रात्रभर एकत्र राहतात. ही कल्पना पुढे देशभर पसरली.

सुट्टी लागली, आता जेवणाचं काय?

अमेरिकेत शाळेतल्या जेवणाचा राष्ट्रीय कायदा १९४६ चा. आज रोज जवळपास ३ कोटी मुलं शाळेत दुपारचं जेवतात, त्यातल्या बहुतेकांना ते फुकट किंवा सवलतीत मिळतं. शेवटची घंटा झाली की ही पंगतही उठते. घरात चणचण असलेल्या मुलासाठी सुट्टीचा अर्थ त्यामुळे वेगळा होतो.

यावर उपाय म्हणून शाळा, वाचनालयं आणि बागांमध्ये उन्हाळी जेवणाची केंद्रं चालतात. अनेक केंद्रांवर १८ वर्षांपर्यंतच्या कोणत्याही मुलाला नाव न नोंदवता जेवता येतं. २०२४ पासून गरजू कुटुंबांना उन्हाळ्यासाठी प्रत्येक मुलामागे १२० डॉलर किराण्यासाठी देणारी योजनाही सुरू झाली, पण पहिल्या वर्षी काही राज्यांनी ती नाकारली. आपल्याकडेही हा प्रश्न नवा नाही. दुष्काळी भागांत उन्हाळ्याच्या सुट्टीतही शालेय पोषण आहार द्यावा, असा आदेश भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दिला होता.

म्हणूनच तिथल्या अनेक शाळा सुट्टीच्या आधी पालकांना उन्हाळी जेवणाच्या केंद्रांचे पत्ते कळवतात. झगा-टोपीच्या फोटोंत हे पत्ते दिसत नाहीत, पण कित्येक घरांत सुट्टीच्या पहिल्या दिवशी तेच आधी शोधले जातात.